मध्यम शहरात राहायला जायचं का, हे कसं ठरवावं

मुंबई-पुणे सोडून नाशिक, सांगली, सोलापूर, कोल्हापूर अशा एखाद्या शहरात जावं का, असं ओळखीतलं कुणी ना कुणी मला सतत विचारत असतं. नवऱ्याच्या बदल्यांमुळे बावीस वर्षांत आम्ही पाच वेळा बिऱ्हाड हलवलं, म्हणून विचारतात. त्यांच्या हातात बहुतेक वेळा फायद्या-तोट्यांची दोन रकान्यांची यादी असते: हवा चांगली, गर्दी कमी, मॉल नाहीत, नोकऱ्या कमी. ही यादी मी बाजूला ठेवायला सांगते. ती सगळ्या शहराबद्दल असते आणि आपण राहतो एका गल्लीत. एकाच शहरात दोन गल्ल्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो, तो या यादीत कुठेच दिसत नाही.

मी ज्या क्रमाने ठरवते, तो क्रम असा.

महिन्याचा हिशेब

भाडं, शाळेची फी, किराणा हे तुम्ही मांडालच. त्यात दोन गोष्टी धरा: मुंबई-पुण्याच्या फेऱ्या आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला एक दुचाकी. शहर बससेवेवर विसंबून राहता येईल असं यातल्या बहुतेक शहरांत नाही.

दुसरा पगार

बदली किंवा नवी नोकरी एकाची असते, सुटते ती दुसऱ्याची. आमच्याकडे माझी सुटली, पाचपैकी चार वेळा. मी हिशेबनीस आहे, काम मिळत गेलं. पण दर वेळी खालच्या पायरीपासून आणि आधीपेक्षा कमी पगारावर. 'तिला तिकडे काहीतरी मिळेलच' या वाक्यावर निर्णय घेऊ नका. जायच्या आधी त्या शहरात जाऊन निदान तीन ठिकाणी प्रत्यक्ष बोलून या. काही व्यवसायांचं गणित बदललंही आहे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं न्यायपीठ, बसतं, त्यामुळे तिथल्या वकिलांना आणि त्यांच्याकडे काम करणाऱ्यांना आता दर तारखेला मुंबई गाठावी लागत नाही. तुमच्या व्यवसायात असं काही झालं आहे का, ते शोधा. झालं नसेल आणि दुसरा पगार बुडणार असेल, तर तो हिशेबात शून्य धरा आणि मग पुन्हा बेरीज करा.

पाणी

इथे मी चुकले होते, म्हणून यावर सविस्तर लिहिते.

मराठवाड्यातल्या एका शहरात आम्ही नोव्हेंबरमध्ये घर बघायला गेलो. हवा छान, रस्ते रुंद, भाडं मुंबईच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. नळ सोडून पाहिला तर धो धो पाणी. एजंट म्हणाला, 'पाण्याचं काही टेन्शन नाही.' नळाला येणारं ते पाणी गच्चीवरच्या टाकीतलं होतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. महापालिकेचं पाणी कोणत्या दिवशी येतं, हे मी विचारलंच नाही. फेब्रुवारीत दोन पाण्यांमधलं अंतर वाढायला लागलं आणि मे महिन्यात आठव्या-नवव्या दिवशी पाणी यायचं, तेही पहाटे तीनला. मुलाची दहावी होऊन गेली होती एवढंच नशीब. सासूबाई रात्रभर जाग्या राहायच्या, कारण पाणी सुटलं आणि मोटर लावायची राहिली तर पुढचा आठवडा टँकरवर. पाहुण्यांना बोलवायचं का, चादरी कधी धुवायच्या, गावाला कधी जायचं, सगळं पाण्याच्या वारावर ठरायला लागलं. भाड्यात वाचलेले पैसे टँकरमध्ये गेले. त्या उन्हाळ्यात माणसं जी थकली, त्याचा हिशेब वेगळाच.

तेव्हापासून घराच्या खोल्या बघायच्या आधी मी पाण्याची चौकशी करते. ती अशी करा.

एजंटला आणि घरमालकाला विचारू नका. तळमजल्यावर राहणाऱ्या बाईंना, गिरणीवाल्याला, दूधवाल्याला विचारा. आणि 'पाणी किती दिवसाआड येतं' असंही विचारू नका. 'चार दिवसाआड' म्हणजे कुणाच्या मते चौथ्या दिवशी, कुणाच्या मते पाचव्या. विचारा, 'मागचं पाणी कोणत्या वारी आलं? त्याच्या आधीचं कोणत्या वारी? किती वेळ होतं?' वारांची नावं घेतली की उत्तर खरं मिळतं. मग पुढचा प्रश्न: 'मे महिन्यात?' इथे समोरचा माणूस थांबला, तर काय समजायचं ते समजा.

मग टाकी मोजा. शहरी पाणीपुरवठ्याचा हिशेब माणशी दिवसाला १३५ लिटर असा धरतात. चार माणसांना दिवसाला ५४० लिटर. आठ दिवसांना ४,३२० लिटर. गच्चीवरची एक हजार लिटरची टाकी दोन दिवससुद्धा पुरत नाही. म्हणून जमिनीखालची साठवण टाकी आहे का, किती लिटरची, ती एकट्याची की साऱ्या इमारतीची, हे बघा. बोअर असेल तर त्याला मे महिन्यात पाणी असतं का, हेही शेजाऱ्यांनाच विचारा. वेळापत्रक कितीही चांगलं असलं तरी जलवाहिनी फुटली किंवा पंपघराची वीज गेली, की सगळ्या शहराचं पाणी एक दिवस पुढे जातं. दोन दिवसांची साठवण जास्तीची हवीच.

धरणात पाणी आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. छत्रपती संभाजीनगरच्या जवळ जायकवाडी आहे, सोलापूरला उजनी आहे. दोन्ही प्रचंड धरणं, आणि दोन्ही शहरांतल्या लोकांनी वर्षानुवर्षं काही-काही दिवसांनी येणारं पाणी सोसलं आहे. नळापर्यंत पाणी येतं ते जलवाहिनी, पंप, जलकुंभ आणि गल्लीतल्या वाटपावर. जलकुंभाच्या जवळची गल्ली आणि शेवटच्या टोकाची गल्ली यांचं पाणी सारखं नसतं.

जास्तीचं पाणी ही याचीच दुसरी बाजू. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी गेलं ते मिरजेहून. त्याच मिरज-सांगलीच्या पट्ट्यात ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेने ५७ फूट ओलांडले, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. कोल्हापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर गेली. तिथे धोका ४३ फुटांना. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला. नदीकाठचे उपसा पंप बुडाले आणि ऐन महापुरात शहराचे नळ कोरडे राहिले. २०२१ मध्ये पुन्हा पूर. पाणी कोल्हापुरातल्या नदीकाठच्या सुतारवाड्यात तर शिरलंच, नागाळा पार्कसारख्या चांगल्या वस्तीतही शिरलं. महाग वस्ती म्हणजे कोरडी वस्ती असं धरू नका.

त्यासाठी दोन रेषा माहीत हव्यात. निळी पूररेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतलं घर कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, भाड्यानेसुद्धा नको. दोन रेषांच्या मधलं असेल तर वरचा मजला घ्या आणि गाडी कुठे लावणार ते आधी ठरवा. 'शंभर वर्षांतून एकदा' हे ऐकूनही निर्धास्त होऊ नका. कोल्हापूर-सांगलीकरांनी २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर एका पिढीत पाहिले. नाशिकला गोदावरीचा पूर रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीच्या कुठवर आला, यावरून मोजतात. तिथे घर बघत असाल तर मारुतीच्या छातीपर्यंत पाणी आलं तेव्हा तुमच्या रस्त्यावर काय होतं, हे जुन्या दुकानदाराला विचारा. तो बोटाने भिंतीवर खूण दाखवेल.

म्हणून दोन खेपा करा, एक मेच्या तिसऱ्या आठवड्यात, दुसरी जुलैअखेर. दोन्ही वेळा दोन रात्री मुक्काम करा. दिवाळीत सगळीच शहरं गोड दिसतात, तेव्हा घर पक्कं करू नका.

दवाखाना

घरात हृदयरोगी, डायलिसिसचा रुग्ण किंवा म्हातारी माणसं असतील, तर रात्री दोनला गाडी कुठे न्यायची ते आधी ठरवा आणि एकदा त्या वाटेने जाऊन या. सांगलीकरांना यात मिरजेचा मोठा आधार आहे. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या वॉनलेस रुग्णालयापासून ते गाव उपचारांसाठी ओळखलं जातं. सगळ्या शहरांचं असं नाही.

चांगली बाजू

ती खरी आहे आणि मोठी आहे. कोल्हापुरात आले तेव्हा नवरा दुपारी जेवायला घरी यायला लागला. वीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा घडलं. मुलगी क्लासहून एकटी सायकलवर येते. संध्याकाळी गंगावेशीत कट्ट्यावर समोर म्हैस पिळून दूध देतात, ते घ्यायला मी स्वतः जाते. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी मुंबई, त्यामुळे माहेर तुटलेलं नाही. फायद्यांमध्ये मी सगळ्यात आधी वेळ लिहिते: रोज वाचणारे दोन-अडीच तास. ते तुम्ही कशासाठी वापरणार, हे घरातल्या प्रत्येकाला विचारा. कुणाला काही सांगता आलं नाही, तर तो फायदा तुमच्या घरात अजून आलेला नाही.

अकरा महिने

आधीचं घर विकू नका. लिव्ह अँड लायसन्स नोंदवून अकरा महिन्यांसाठी भाड्याने राहा. मुक्काम असा बसवा की त्यात एक अख्खा उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा येईल. म्हणजे मार्च किंवा एप्रिलमध्ये जा. मुलांच्या शाळेची चौकशी जानेवारीतच करून ठेवा, कारण चांगल्या शाळांमधले प्रवेश तेव्हाच भरत आलेले असतात. रोज एका वहीत तीनच गोष्टी लिहा: पाणी कधी आलं, वीज किती वेळ गेली, टँकर किंवा जनरेटरला किती पैसे गेले. दहाव्या महिन्यात ती वही सगळ्यांसमोर उघडा, आणि मगच घर घ्यायचं बोला.