आधी बोट, मग पायवाट: क्रेटमध्ये लूत्रोहून खोरा स्फाकियनपर्यंत

ग्रीसच्या क्रेट बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लूत्रो गावाला गाडीरस्ताच नाही. तिथे बोटीनं जायचं, नाहीतर पायी. पूर्वेकडचं खोरा स्फाकियन आणि लूत्रो यांच्यामधली वाट सहा-सात किलोमीटरची आहे आणि आरामात तीन तासांत होते. मी ती पाच वेळा चालले आहे. बहुतेक जण एकच सल्ला देतात: सकाळी खोरा स्फाकियनहून चालत निघा, लूत्रोला जेवा आणि संध्याकाळच्या बोटीनं परत या. हा सल्ला ऐकू नका. उलट करा. सकाळच्या बोटीनं वीसेक मिनिटांत लूत्रोला उतरा आणि चालत परत या.

कारण वारा. आधी चालत गेलात आणि दुपारी समुद्र खवळून बोट रद्द झाली, तर लूत्रोतच अडकता. शिवाय दिवसभर घड्याळाकडे डोळे लागलेले असतात. आधी बोट घेतली की निर्णय धक्क्यावरच होतो: बोट सुटली नाही तर त्या दिवशी कड्याच्या वाटेलाही जायचं नाही. आणि लूत्रोला पोहोचल्यावर वारा वाढला, पाय मुरगळला किंवा नुसता धीर सुटला, तरी समुद्र फार खवळला नसेल तर परतीला संध्याकाळची बोट असते. ती पश्चिमेकडची समारिया घळ पायी उतरून आलेल्यांनी भरलेली असते, पण असते. इथल्या वाऱ्याला हलक्यात घेऊ नका. लूत्रो म्हणजे प्राचीन फीनिक्स. बायबलमधल्या संत पौलाला रोमला नेणारं जहाज हिवाळा काढायला याच बंदराकडे निघालं होतं. वाऱ्यानं ते भलतीकडेच नेलं आणि शेवटी ते माल्टाला फुटलं.

अथेन्सजवळच्या पिरेयसहून रात्रीची फेरी घेतली की सकाळी क्रेटचं सूदा बंदर येतं. तिथून हानिया शहर, आणि हानियाहून डोंगर ओलांडून खोरा स्फाकियनला येणारी बस. आदल्या रात्रीचा मुक्काम खोरा स्फाकियनलाच करा. मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा उत्तम काळ. जुलै-ऑगस्टमध्ये मी कुणालाही या वाटेवर पाठवणार नाही, कारण सावली जवळजवळ नाहीच. माणशी दोन लिटर पाणी आणि चांगली पकड असलेले बूट घ्या. सँडल चालत नाहीत.

लूत्रोच्या पूर्व टोकाच्या घरांमागून वाट वर चढते. समुद्र उजव्या हाताला ठेवायचा आणि ई-फोर या लांब पल्ल्याच्या युरोपीय पायवाटेच्या पिवळ्या-काळ्या खुणा बघत जायचं. तासाभरात ग्लिका नेरा येतं.

ग्लिका नेरा म्हणजे गोड पाणी, आणि नाव अगदी खरं आहे. समुद्रापासून चार-पाच पावलांवर गोटे हातानं बाजूला करा. वीतभर खोल गेलात की खळग्यात पाणी जमू लागतं. आधी गढूळ, मग हळूहळू नितळ, आणि बोटं बधिर होतील इतकं गार. मागच्या लेफ्का ओरी डोंगरांत 2,400 मीटरच्या वर शिखरं आहेत. तिथलं पावसाचं आणि बर्फाचं पाणी चुनखडीत मुरतं आणि इथे समुद्राच्या पातळीला बाहेर पडतं. पोहायचं, खायचं, पडून राहायचं ते इथेच. सोबत लहान मुलं असतील तर इथूनच लूत्रोला परत फिरा.

आता पुढचा पाऊण तास. सह्याद्रीत कातळातून आडवं जायची सवय असेल तर हा टप्पा अवघड नाही. सवय नसेल तर दृष्टिभय जाणवणारच. डावीकडे कडा, उजवीकडे सरळ खाली समुद्र आणि मधे कड्यात खोदून काढलेली वाट. पुरेशी रुंद आहे, पण कठडा नाही.

खरी चूक मात्र कड्यावर होत नाही, त्याआधी होते. किनारा संपतो तिथे दरडीचे मोठमोठे धोंडे पडलेले आहेत आणि त्यांच्यात खुणा हरवतात. पहिल्या खेपेला मी सरळ दिसतं म्हणून पाण्याच्या कडेकडेनं गेले. ओल्या, शेवाळलेल्या खडकांवरून अर्धा तास पुढे सरकले आणि समोर नुसती भिंत आली. मागे फिरताना एक लाट गुडघ्यापर्यंत आली आणि पाय सरकला. धोंड्याच्या खाचेत हात अडकला म्हणून वाचले. मग उशीर झाला म्हणून घाईनं, थरथरत्या पायांनी कड्याची वाट धरली. त्या वाटेवर अशा पायांनी कधीच जाऊ नये.

म्हणून किनारा सोडण्यापूर्वी थांबा आणि वर बघा. कड्याच्या पोटातून चढत जाणारी फिकट रेघ दिसते, तीच वाट. ती नजरेत पक्की बसल्याशिवाय धोंड्यांत शिरू नका. हाताला ओला खडक लागला तर तुम्ही फार खाली आहात. शेवटच्या दिसलेल्या खुणेपर्यंत मागे या, पुढे रेटू नका.

वाटेला लागल्यावर चालताना फक्त वाट बघायची. समुद्र बघायचा तर थांबून, पाठ कड्याला लावून. फोटोही तसाच. सॅकला बाहेर मॅट किंवा बाटल्या लटकवू नका; कड्याला घासून तोल जातो. समोरून कुणी आलं तर तुम्ही डोंगराच्या बाजूला, कड्याला लागून उभे राहा आणि त्यांना जाऊ द्या. माझ्यासोबतची हळू चालणारी माणसं नेहमी पुढे असतात, मी मागे.

वर शेळ्यांच्या घंटा वाजल्या की कान टवकारा. त्यांच्या पायांखालून दगड सुटतात. जिथे वाटेवर ताजे, धारदार तुकडे पडलेले दिसतील तिथे पाणी प्यायलाही थांबू नका. पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवस हा टप्पा सोडून द्या. उत्तरेचा वारा असेल तरीही सोडून द्या, कारण तो डोंगरावरून खाली झोतानं येतो आणि सॅकसकट माणसाला ढकलतो. लूत्रोत पोहोचताच टेबलांवरची कापडं उडताना दिसली, तर मी त्या दिवशी ग्लिका नेरापर्यंतच जाते.

वाट शेवटी चढून डांबरी रस्त्याच्या वळणावर निघते. तिथून खोरा स्फाकियनपर्यंत अडीचेक किलोमीटर उतार. मधे इलिंगासचा किनारा लागतो. अंगात जोर असेल तर आणखी एकदा डुंबून घ्या.

त्याच दिवशी हानियाला परतायचं असेल तर संध्याकाळची बोट लागायच्या आत गावात पोहोचा. ती लागली की समारियावाले एकदम उतरतात आणि बस भरून जाते. वेळ हाताशी असेल तर आधी स्फाकिया या भागाची पातळ चीज-पोळी मागवा. तव्यावरून येते, वर मध ओतलेला असतो, आणि गरम असतानाच खायची.