भूकंपमापक यंत्र चालू आहे की नुसतं उभं आहे? कागदावरून असं काढा

मी तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. नोकरीभर लोकांचे अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरवले, आता स्वतः लिहितो. राहायला उमरगा तालुक्यात, त्यामुळे 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप आम्हाला कुणी सांगायला नको. त्याआधीचं वर्ष मात्र नव्या पोरांना सांगावं लागतं. ऑगस्ट 1992 पासून किल्लारीला धक्के बसत होते, 18 ऑक्टोबरला त्यातला मोठा बसला. हा भाग तेव्हा नकाशावर सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. इथं यंत्रांचं जाळं कशाला, असाच हिशेब. पट्टा बदलून तिसरा, म्हणजे जास्त धोक्याचा, झाला तो 2002 मध्ये.

आता यंत्रं आहेत. ती चालतात का, हा प्रश्न आहे.

पहिली गोष्ट मनात पक्की करा: ‘निधी कापला’ असं पत्र आपल्याकडे कुणी काढत नाही. अमेरिकेत निदान उघड तरी होतं. 2025 मध्ये अलास्कातल्या नऊ भूकंपमापन केंद्रांचे वर्षाला साधारण 3 लाख डॉलर पुढे द्यायला तिथल्या केंद्र सरकारच्या, समुद्र-हवामान पाहणाऱ्या ‘नोआ’ या संस्थेनं नकार दिला आणि ते देशभर छापून आलं. इकडे बॅटरी बदलायची राहते, देखभालीचा करार संपून फाईल पडून राहते, माणूस बदलून जातो आणि पद भरलं जात नाही, माहिती पाठवणारी जोडणी तुटते. पाटी आणि तारेचं कुंपण जागच्या जागी असतं. म्हणून ‘निधी कमी केला का?’ असं विचारूच नका. उत्तर ‘नाही’ येतं, आणि कागदाच्या हिशेबानं ते खरंही असतं.

सुरुवात मालकापासून करा. मराठवाड्यात यंत्र दिसलं की लोक ‘हवामान खात्याचं’ म्हणून मोकळे होतात. ते दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राचं असू शकतं, हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संशोधन संस्थेचं असू शकतं, विद्यापीठाचं असू शकतं. आणि धरणाजवळचं असेल तर बहुधा जलसंपदा विभागाच्या नाशिकच्या ‘मेरी’ संस्थेचं. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात जाऊन तोंडी विचारा. तिथला कारकून मान हलवेल, तरी विचारा; पुष्कळदा शिपायालाच ठाऊक असतं की गाडी कुठून येते.

मालक केंद्र सरकारचा निघाला तर अर्ज केंद्राच्या माहिती अधिकार पोर्टलवर; यंत्र राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राचं असेल तर पृथ्वी विज्ञान मंत्रालय निवडून (एनजीआरआय त्या मंत्रालयाखाली नाही). शुल्क 10 रुपये, मर्यादा 500 शब्द. राज्याचा निघाला तर जोडपत्र ‘अ’ या नमुन्यात अर्ज, त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि 150 शब्दांच्या आत. दारिद्र्यरेषेखालचा दाखला जोडला तर शुल्क नाही. चुकीच्या दारात गेलात तरी घाबरू नका, माहिती अधिकार कायद्याच्या कलम 6(3) प्रमाणे पाच दिवसांत अर्ज योग्य ठिकाणी पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. मी ते कलम अर्जाच्या शेवटी लिहूनच टाकतो. साहेबांना आठवण राहते.

आता मजकूर. यात सगळा जीव आहे. ‘का’ हा शब्द अर्जात येऊ देऊ नका. ‘यंत्र बंद का आहे?’ याला ‘ही माहिती अभिलेखात नाही’ असं उत्तर मिळतं आणि महिना गेला. ‘प्रत द्या’ म्हणा. माझा मजकूर असा असतो:

‘आपल्या अखत्यारीतील अमुक ठिकाणच्या भूकंपमापन केंद्राबाबत मागील तीन आर्थिक वर्षांची पुढील अभिलेखांची प्रत द्यावी: महिनावार माहिती किती दिवस मिळाली व किती दिवस खंडित होती याची नोंद, देखभाल करार व त्याची मुदत, बॅटरी व सौर पॅनेल बदलल्याची देयके, मंजूर, भरलेली व रिक्त पदे, केंद्रासाठी मूळ तरतूद, सुधारित तरतूद व प्रत्यक्ष खर्च.’

शेवटच्या ओळीतले तीन आकडे शेजारी शेजारी लिहा. मूळ तरतूद मोठी, सुधारित लहान, खर्च त्याहून लहान, असं दिसलं की कपात सापडली. दिल्लीच्या अर्थसंकल्पात हे शोधत बसू नका. भूकंपशास्त्राची ‘सेज’ ही उपयोजना ‘पृथ्वी’ या मोठ्या योजनेच्या छत्राखाली घातली. जानेवारी 2024 मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत 2021 ते 2026 साठी 4,797 कोटी रुपये. त्यातच समुद्र, हवामान, ध्रुवप्रदेश सगळं. एवढ्या आकड्यात आपल्या गावची बॅटरी कुठे दिसणार?

एका कार्यालयानं मला ‘माहिती विस्तृत आहे’ असं कळवलं होतं. अशा वेळी अभिलेखाची प्रत्यक्ष पाहणी मागा. केंद्र सरकारच्या कार्यालयात पहिला तास फुकट, पुढच्या तासाला 5 रुपये. रजिस्टर उघडलं की कोऱ्या तारखा स्वतःच दिसतात.

अर्जाचं उत्तर येईपर्यंत गावात एक काम करता येतं. हिंगोली जिल्ह्यात, वसमतकडच्या पांगरा शिंदेसारख्या गावांत जमिनीतून आवाज येण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं आहेत, आणि 21 मार्च 2024 ला सकाळी त्या जिल्ह्यात 4.5 आणि 3.6 असे दोन धक्के नोंदलेही गेले. पण लहान धक्क्याची जागा नक्की करायला किमान तीन केंद्रांवर तो उमटावा लागतो; जवळचं एक बंद असलं की तो यादीतून सुटू शकतो. म्हणून आवाज आला की मोबाइलवरची वेळ मिनिटासकट, गाव, तुम्ही बसलेले होता की झोपलेले, भांडी वाजली का, आणि जवळ खडी क्रशर किंवा विहिरीचं सुरुंगाचं काम चालू होतं का, एवढं वहीत लिहा. मग राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या संकेतस्थळावरच्या यादीशी वेळ पडताळा. यादीत नसणं म्हणजे लगेच यंत्र बंद असा अर्थ नाही, सुरुंगही असू शकतो. पण वहीतली तारीख आणि अर्जातून मिळालेली ‘खंडित’ तारीख जुळली, तर ग्रामसभेत ठराव घ्यायला तेवढं पुरे. ठरावाची प्रत आमदार-खासदारांना द्या आणि तारांकित प्रश्न विचारा म्हणा. सभागृहात दिलेलं उत्तर छापील राहतं.

तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील. केंद्र सरकारकडे ते फुकट, राज्याकडे 20 रुपयांचा स्टॅम्प. आणि उत्तराचं पाकीट फाडून फेकू नका. अपिलाची मुदत उत्तर मिळाल्या दिवसापासून मोजतात, आणि वाद झाला तर तो दिवस दाखवायला पाकिटावरचा पोस्टाचा शिक्काच कामाला येतो.