स्वस्त विमानसेवेची कार्यसंस्कृती घसरतेय का, हे कसं ओळखाल

नफ्याचे आकडे बाजूला ठेवा. विमान गेटला लागल्यापासून पुन्हा सुटेपर्यंतची मिनिटं मोजा. अमेरिकेतल्या साउथवेस्ट या स्वस्त विमान कंपनीने १९७२ मध्ये चारपैकी एक विमान विकूनही वेळापत्रक टिकवलं, कारण दहा मिनिटांत विमान परत सुटायचं आणि त्यासाठी सगळेच हात लावायचे. तुमच्या कंपनीत आता ‘हे माझं काम नाही’ असं ऐकू येतंय का, ते गेटवर उभं राहून पाहा. उशिराच्या नोंदींत प्रत्येक विभाग दुसऱ्याकडे बोट दाखवत असेल, तर उशीर संपूर्ण टीमच्या नावावर लिहायला लागा.

खालून येणाऱ्या तक्रारी थेट वरपर्यंत पोहोचू द्या. हे सर्वांत महत्त्वाचं. साउथवेस्टच्या वैमानिक संघटनेने कर्मचाऱ्यांच्या ड्यूटी लावणाऱ्या जुन्या संगणक यंत्रणेबद्दल आधीच बजावलं होतं. डिसेंबर २०२२ च्या वादळानंतर तीच कोलमडली आणि १६ हजारांहून जास्त उड्डाणं रद्द झाली.