अपग्रेड अर्धवट राहिलं आणि अ‍ॅक्सेस पॉइंट बंद पडला, तर काय करावं

अ‍ॅक्सेस पॉइंट (एपी) म्हणजे वायफाय पसरवणारा डबा आणि फर्मवेअर म्हणजे त्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर. या फर्मवेअरच्या अपग्रेडची पट्टी मध्येच थांबली, ब्राउझरमधलं पान उघडेना, की हात आपसूक प्लगकडे जातो. तो आवरा. पान अडकलं म्हणजे आतलं काम अडकलं असं नाही. बरेच अ‍ॅक्सेस पॉइंट फाइल पूर्ण मिळाली की आपलं वेबपान बंद करतात आणि मगच जुनं फर्मवेअर पुसून नवं लिहायला घेतात. म्हणजे पडद्यावर ‘साइट सापडत नाही’ असं दिसत असतं, त्याच वेळी आत सगळ्यात नाजूक काम चालू असतं. पंधरा मिनिटं घड्याळ लावून थांबा. त्यानंतरही हालचाल नसेल तर पुढचं वाचा.

आपल्या खानदेशात हे आवर्जून सांगावं लागतं, कारण इथे अपग्रेड मोडण्याचं मोठं कारण लाइट आहे. सावदा-रावेरच्या केळी पट्ट्यात काय किंवा चोपडा-शिरपूरकडच्या गावांत काय, लाइट क्षणभर जाऊन परत येते. आपल्याला वाटतं बल्ब नुसता मिचकावला. एपीसाठी तो चालू लिखाणावर पडलेला घाव असतो. मग अभ्यासिकेतला, जिनिंगच्या ऑफिसातला, केळी पिकवायच्या चेंबरबाहेरचा एपी ‘बोर्ड गेलं’ म्हणून भंगारात जातो. यातले पुष्कळ एपी घरबसल्या, एका लॅपटॉपवर आणि एका लॅन केबलवर परत उभे राहतात, म्हणून हा लेख.

आत नेमकं काय बिघडतं

एपीच्या फ्लॅश मेमरीचे साधारण चार भाग असतात. सुरुवातीला बूटलोडर, म्हणजे वीज मिळताच सगळ्यात आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम. मग मुख्य फर्मवेअर. मग आपण केलेल्या सेटिंग्ज. आणि चौथ्या छोट्याशा भागात त्या एकाच नगाची खास माहिती: त्याचा मॅक पत्ता (नेटवर्कवरची त्याची ओळख) आणि वायफायच्या रेडिओचं कॅलिब्रेशन (त्या नगापुरती मोजून केलेली जुळणी).

नेहमीच्या अपग्रेडमध्ये बहुधा फक्त दुसरा भाग बदलतो. त्यामुळे लाइट गेली तरी मोडतो तोही तेवढाच; बूटलोडर सहसा शाबूत राहतो. आणि बूटलोडर जिवंत असेल तर त्याच्याकडून नवं फर्मवेअर लिहून घेता येतं. काही मॉडेलमध्ये तर फर्मवेअरच्या दोन प्रती ठेवायला दोन जागा असतात आणि एक बिघडली की दुसरीवरून एपी सुरू होतो. तुमचा एपी अपग्रेडनंतर जुन्याच व्हर्जनवर दिसत असेल तर असंच झालं असण्याची शक्यता मोठी आहे. तिथे दुरुस्तीचं काही काम नाही, फक्त अपग्रेड पुन्हा करायचं.

हात लावण्याआधी दिवे बघा

वीज काढा, दहा सेकंद थांबा, परत द्या आणि दोन-तीन मिनिटं नुसतं बघत बसा. फोनवर व्हिडिओ काढला तर उत्तम, दिव्यांचा क्रम नंतर उपयोगी पडतो.

एकही दिवा लागत नसेल तर फर्मवेअरला दोष देण्याआधी अडॅप्टर तपासा. मृगाच्या आधी वादळी पाऊस येतो तेव्हा विजेच्या कडकडाटात अडॅप्टर आणि लॅन पोर्ट दोन्ही जातात, आणि ते नेमकं अपग्रेडच्या आसपास घडलं की आळ फर्मवेअरवर येतो. दुसरा अडॅप्टर लावताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. पिनची प्लस-मायनस बाजूही जुळली पाहिजे. पीओईवर, म्हणजे लॅन केबलमधूनच येणाऱ्या विजेवर चालणारा एपी असेल तर जास्त जपा. काही एपी २४ व्होल्टच्या पॅसिव्ह पीओईवर चालतात, तर ८०२.३एएफ मानकाचे एपी ४८ व्होल्टच्या आसपास. हातात येईल तो इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारा डबा) लावून बघू नका. २४ व्होल्टच्या एपीला ४८ व्होल्टचा पॅसिव्ह इंजेक्टर लागला तर मग खरंच बोर्ड जातं.

दिवे लागतात, विझतात, परत तसेच लागतात आणि हा फेरा चालूच राहतो, त्याला बूट लूप म्हणतात. फर्मवेअर अर्धवट असल्याची ही ओळखीची खूण आहे. पण थकलेल्या अडॅप्टरवरही हुबेहूब हेच दिसतं: रेडिओ सुरू होताना वीज जास्त लागते, अडॅप्टर ती देऊ शकत नाही, एपी परत पहिल्यापासून सुरू होतो. म्हणून इथेही आधी चांगला अडॅप्टर लावून पाहा.

दिवे ठीक दिसतात पण वायफाय नाही किंवा लॉगिन होत नाही, हा तिसरा आणि सगळ्यात हलका प्रकार. अनेकदा फर्मवेअर नीट बसलेलं असतं, जुन्या सेटिंग्ज नव्या व्हर्जनशी जुळत नसतात. इथे रिसेट कामाला येतो.

रिसेट काय करतो, काय करत नाही

रिसेट बटण दहा-पंधरा सेकंद दाबलं की जुनं फर्मवेअर परत येतं, असा समज फार पसरलेला आहे. तसं होत नाही. रिसेट फक्त सेटिंग्ज पुसतो. फर्मवेअर मोडलेलं असेल तर दिवसभर बटण दाबलं तरी ते दुरुस्त होणार नाही. एपी पूर्ण सुरू होत असेल तरच रिसेट करा, आणि त्याआधी इंटरनेट कनेक्शनचा युजरनेम-पासवर्ड, व्हीएलॅन (नेटवर्कचा वेगळा केलेला भाग) क्रमांक असं जे काही आत भरलेलं आहे ते कुठे लिहिलेलं आहे का ते बघा.

वीज देताना बटण दाबून धरणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे. त्याने बऱ्याच मॉडेलमध्ये बूटलोडरचा रिकव्हरी मोड सुरू होतो. खरी दुरुस्ती तिथून.

बरोबर फाइल आणा

एपीच्या पाठीमागचा स्टिकर वाचा. मॉडेल क्रमांकाच्या शेजारी हार्डवेअर व्हर्जन लिहिलेलं असतं, व्ही१, व्ही२ असं. एकाच नावाच्या दोन व्हर्जनमध्ये चिप पूर्ण वेगळी असू शकते. कोणत्या देशासाठी बनवलेला नग आहे तेही बघा. भारतासाठीच्या नगावर युरोपची फाइल घेतली तर काही कंपन्यांचे एपी ती नाकारतात.

फाइल कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. झिप असेल तर ती उलगडा आणि आतली बिन फाइल वापरा. कितीतरी अपग्रेड निव्वळ झिपच चढवल्यामुळे फसतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून, रेंज येत-जात असताना डाउनलोड केलेली फाइल अपुरी असू शकते. कंपनीने एसएचए-२५६ किंवा एमडी५ चेकसम (फाइलवरून काढलेली ओळखीची अक्षरं) दिला असेल तर तो ताडून पाहा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर सर्टयुटिल कमांडला हॅशफाइल हा पर्याय, फाइलचं नाव आणि शेवटी एसएचए२५६ किंवा एमडी५ असं दिलं की तो मिळतो, लिनक्सवर एसएचए२५६सम कमांड आहे. एक अक्षर जरी वेगळं आलं तरी फाइल टाकून द्या.

टीएफटीपीने परत उभं करणं

टीएफटीपी म्हणजे फाइल पाठवायची अगदी साधी पद्धत: पासवर्ड नाही, यूडीपी पोर्ट ६९. १९८०च्या सुमारास आलेली ही पद्धत अजून टिकली, कारण ती इतकी लहान आहे की बूटलोडरमध्येही मावते.

तयारी अशी करा:

१. लॅपटॉपचं वायफाय बंद करा. नाहीतर फाइल भलत्याच वाटेने जाते.

२. लॅन पोर्टला हाताने स्थिर आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) द्या, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. नेमका आयपी कंपनीप्रमाणे बदलतो, तो खाली सांगितला आहे. आयपी १६९.२५४ने सुरू होताना दिसला तर तो तुम्ही दिलेला नाही, विंडोजने स्वतःच घेतलेला आहे.

३. विंडोज फायरवॉल काम होईपर्यंत बंद ठेवा. टीएफटीपी न चालण्याचं हे पहिल्या नंबरचं कारण आहे. काम झालं की लगेच चालू करा.

४. लॅपटॉप आणि एपीच्या मध्ये एक साधा नेटवर्क स्विच लावा. एपी पीओईवर असेल तर लॅपटॉप आणि इंजेक्टरच्या लॅन पोर्टच्या मध्ये.

चौथी पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच अडकतात. एपी रीबूट होतो तेव्हा त्याचा लॅन पोर्ट बंद होऊन परत चालू होतो. लॅपटॉप थेट जोडलेला असेल तर विंडोजला ‘केबल निघाली’ असं वाटतं आणि केबल परत ओळखायला ते काही सेकंद घेतं. बूटलोडर फाइलसाठी वाट पाहतो तीही काही सेकंदच. दोघांची भेटच होत नाही. मध्ये स्विच असला की लॅपटॉपच्या बाजूची जोडणी कधी तुटत नाही. पाच पोर्टचा साधा स्विच पुरतो.

आता कोण मागतो आणि कोण देतो, हे प्रत्येक कंपनीत वेगळं.

टीपी-लिंकच्या अनेक राउटर-एपीमध्ये बूटलोडर स्वतः फाइल मागायला येतो. लॅपटॉपला १९२.१६८.०.६६ हा आयपी द्या, टीएफटीपीडी६४ हा मोफत प्रोग्रॅम चालू करा आणि फाइल त्याच्या फोल्डरमध्ये ठेवा. रिसेट दाबून धरत एपी चालू करा. फाइलला ठरावीक नाव लागतं आणि ते मॉडेलप्रमाणे बदलतं. नाव माहीत नसेल तर टीएफटीपीडी६४ची लॉग खिडकी बघा: एपी ज्या नावाची फाइल मागतो ते नाव तिथे उमटतं. फाइलला तेच नाव द्या आणि पुन्हा सुरू करा. लॉग कोरा राहिला तर फायरवॉल, केबल किंवा आयपी यांपैकी काहीतरी चुकलंय.

यूबिक्विटीच्या एपीत उलटं आहे. रिसेट दाबून धरून वीज द्या आणि दिवे आळीपाळीने लुकलुकू लागेपर्यंत बटण सोडू नका. मग एपी १९२.१६८.१.२० या पत्त्यावर फाइलची वाट बघतो. लॅपटॉपला १९२.१६८.१.२५सारखा आयपी द्या आणि टीएफटीपी क्लायंटने (फाइल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने) फाइल बायनरी मोडमध्ये पाठवा. विंडोजमध्ये हा क्लायंट आधी बंद असतो, कंट्रोल पॅनलच्या विंडोज फीचर्समधून चालू करावा लागतो.

मायक्रोटिकसाठी नेटइन्स्टॉल हा त्यांचाच प्रोग्रॅम आहे. केबल बहुतेक मॉडेलवर पहिल्या इथरनेट पोर्टमध्ये लावा. आसूसचं स्वतःचं फर्मवेअर रिस्टोरेशन नावाचं साधन आहे. डी-लिंकच्या बऱ्याच मॉडेलमध्ये ब्राउझरमध्येच रिकव्हरीचं पान उघडतं.

फाइल गेली की परत तोच नियम: दहा-पंधरा मिनिटं वीज काढायची नाही. या वेळी लॅपटॉप चार्ज केलेला आणि एपी इन्व्हर्टरवर असू द्या. इन्व्हर्टरला यूपीएस मोड असेल तर तो लावा, लाइट गेल्यावर तो लवकर पलटतो.

काहीच पत्ता लागत नसेल तर एक खिडकी उघडून एपीचा आयपी सतत पिंग करत (‘आहेस का’ असं विचारत) ठेवा आणि मग एपी चालू करा. सुरुवातीला दोन-चार उत्तरं येऊन बंद झाली तर बूटलोडर जिवंत आहे. काही जुन्या राउटरांत त्या उत्तरांत टीटीएल नावाचा आकडा १०० दिसतो आणि लिनक्स पूर्ण सुरू झाल्यावर ६४.

एवढ्यानेही नाही झालं तर

वॉरंटी असेल तर इथे थांबा आणि नग कंपनीकडे पाठवा. झाकण उघडलं की वॉरंटी जाऊ शकते.

वॉरंटी संपलेली असेल तर बोर्डावर तीन-चार पिनांचा सिरियल पोर्ट शोधा, ज्यावरून बूटलोडर काय करतोय ते ओळींत वाचता येतं. तो लॅपटॉपला जोडणारा यूएसबी टू टीटीएल अडॅप्टर जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी किंवा ऑनलाइन मिळतो. तो ३.३ व्होल्टवर ठेवा, ग्राउंडला ग्राउंड, टीएक्सला (पाठवणारी पिन) आरएक्स (घेणारी पिन), आरएक्सला टीएक्स जोडा. व्होल्टची पिन जोडू नका, एपीला वीज त्याच्या अडॅप्टरवरूनच मिळू द्या. पुटी प्रोग्रॅममध्ये वेग बहुधा ११५२०० लागतो. ‘बॅड मॅजिक नंबर’ किंवा ‘बॅड डेटा सीआरसी’ अशा ओळी दिसल्या तर बातमी चांगली आहे: बूटलोडर बोलतोय, फक्त फर्मवेअर खराब आहे. मात्र इथे इंटरनेटवरून उचललेली ‘सगळी फ्लॅश पुसा’ची कमांड कधीही देऊ नका. कॅलिब्रेशनचा चौथा भाग एकदा पुसला तर तो दुसऱ्या नगावरून आणता येत नाही. स्क्रीन पूर्ण कोरी राहिली, वायरिंग आणि वेग दोन्ही तपासूनही, तर बूटलोडर गेलाय किंवा हार्डवेअर. ते काम चिप प्रोग्रॅमर असलेल्या कारागिराचं.

परत सुरू झाल्यावर

आतल्या पानावरचा मॅक पत्ता स्टिकरवरच्या पत्त्याशी जुळतो का ते पाहा. नसेल जुळत, किंवा वायफायची रेंज अचानक दोन पावलांवर आली असेल, तर कॅलिब्रेशनला धक्का लागलाय. सगळं ठीक असेल तर एकदा फॅक्टरी रिसेट करा आणि सेटिंग्ज हाताने भरा. वेगळ्या व्हर्जनची बॅकअप फाइल चढवली तर काही वेळा तीच भानगड परत येते.

उरलेल्या एपींचं अपग्रेड करायचं असेल तर एकेक करा, आणि वायफायवरून नको, केबलवरून. एपी एकमेकांतून जोडलेले असतील, जसे जिनिंगच्या मोठ्या आवारात असतात, तर सगळ्यात दूरचा आधी घ्या. जवळचा आधी रीबूट झाला तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या दूरच्याची फाइल मध्येच तुटते. रिलीज नोट वाचा. फार जुन्या व्हर्जनवरून थेट नव्यावर उडी चालत नाही, मधलं एखादं व्हर्जन आधी घ्यावं लागतं असं कधी कधी तिथे लिहिलेलं असतं.

वेळ पहाटेची निवडा. घरात लावायच्या अनेक एपींची मर्यादा ४० अंश असते आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे बाहेरच पारा ४५ ओलांडतो. पत्र्याखाली टांगलेला एपी त्याहून तापलेला असतो. अशा एपीचं अपग्रेड दुपारी करूच नका. फारच घाई असेल तर तो उतरवून खाली सावलीत आणा, तासभर बंद ठेवून निवू द्या आणि मगच फाइल चढवा.