विश्वस्त म्हणून नाव आलं? आधी शेड्यूल एक काढा

ठाण्यातल्या एका देवस्थानात मला विश्वस्त केलं, तेव्हा शाल मिळाली, नारळ मिळाला. कागद कुणी दाखवला नाही. दोन महिन्यांनी शेड्यूल एकची (सार्वजनिक ट्रस्टची नोंद ठेवणाऱ्या धर्मादाय कार्यालयातला उतारा, विश्वस्तांची नावं त्यात असतात) नक्कल काढली, तर त्यात कैलासवासी झालेले दोघे अजून विश्वस्त!

म्हणून पहिलं काम तेच. धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल एक आणि संस्थेच्या घटनेची, म्हणजे नियमावलीची, प्रमाणित प्रत घ्या. ऐरोली ते बेलापूरच्या संस्थांना ठाण्यालाच यावं लागतं. खारघर-कामोठे मात्र रायगड जिल्ह्यात. (घरगुती खासगी ट्रस्ट असेल तर १८८२ चा कायदा लागतो. इथलं सगळं १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातलं.)

मग चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद करून घ्यायचा अर्ज. कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत. सोबत सभेची नोटीस, हजेरी, ठराव, नव्यांचं संमतीपत्र, जुन्यांचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला. आमची मुदत उलटली होती, त्यामुळे विलंब माफीचा अर्ज जोडावा लागला. नोटीस घटनेत सांगितलेल्या दिवसांआधी गेली नसेल, तर हरकत घेणारा नेमकं तिथेच बोट ठेवतो.

पैशाबाबत कडक राहा. दानपेटी एकट्याने उघडू नका. आम्ही सतरंजी अंथरून चौघांसमोर मोजतो, नोटा-नाण्यांची यादी तिथेच लिहून सह्या घेतो आणि दुसऱ्या दिवशी बँकेत भरणा. ‘खजिनदारांच्या कपाटात सुरक्षित आहे’ हे उत्तर चालवून घेऊ नका. शिल्लक रक्कम शेड्यूल्ड (रिझर्व्ह बँकेच्या यादीतल्या) बँकेत किंवा पोस्टात ठेवा. विश्वस्ताच्या भाच्याच्या धंद्यात नव्हे.

सगळ्यात जास्त घोळ मिळकतीत होतात. जागा विकायची, बदलायची, बक्षीस द्यायची किंवा इमारत ३ वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची, तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी हवी. शेतजमिनीला ही मर्यादा १० वर्षांची. आधी व्यवहार, मग अर्ज, असं करू नका. बिल्डर ‘आगाऊ घ्या, परवानगी मी आणतो’ म्हणाला तरी सही नको. कर्ज काढायलाही मंजुरी लागते.

हिशेब ३१ मार्चला बंद करून सहा महिन्यांत ऑडिट. ऑडिटरने आक्षेप लिहिले असतील, तर ते सभेत मोठ्याने वाचायला लावा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. आमच्याकडे पहिल्यांदा वाचले, तेव्हा अध्यक्षांचा चहा गार झाला होता.