आजोबा गप्प, आवाज चालूच: स्टॉप-मोशनमध्ये या चुका टाळा

गेल्या चवथीआधी फोंड्यातल्या घरी मातीच्या आजोबांचं एक मिनिटाचं बोलणं स्टॉप-मोशनने, म्हणजे बाहुली थोडीथोडी हलवत एकेक फोटो काढून, शूट केलं. फोटो आवाजाशी लावून बघतो तर काय, आजोबा तोंड मिटून बसलेत आणि आवाज आणखी जवळजवळ अडीच सेकंद चालूच! फोटोंचा हिशोब सेकंदाला २४ फ्रेमचा होता आणि एडिटिंगची टाइमलाइन २५ वर. ६० सेकंदांच्या १४४० फ्रेम २५ च्या वेगाने ५७.६ सेकंदांतच संपतात. सुरुवात जुळते आणि पुढे फरक वाढत जातो, तेव्हा आधी फ्रेम रेट बघा. फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढाच असेल तर आवाजाची फाइल पुढेमागे सरकली आहे. एमपी३ करताना सुरुवातीला बारीकशी शांतता चिकटते, म्हणून ४८ किलोहर्ट्झची वेव्ह फाइलच ठेवा.

आधी फोटो आणि मग डबिंग, हा उलटा कारभार तर करूच नका. आवाज पक्का करा, कापाकापी संपवा, मगच बाहुलीला हात लावा.

तोंडांचं म्हणाल तर बहुतेक जण अक्षरागणिक तोंड बदलतात आणि बाहुली रवंथ करते आहे असं वाटतं. अक्षर नाही, आवाज मोजायचा. आमच्या आजोबांचा 'पाऊस' बरोबर अर्धा सेकंद, म्हणजे १२ फ्रेम: मिटलेले ओठ २, 'आ' ४, 'ऊ'चा चंबू ४, 'स'ला जुळलेले दात २. एक फोटो दोन फ्रेम धरला तर सहा फोटो. हे सगळं डोप शीटवर, म्हणजे कुठल्या फ्रेमला कुठलं तोंड याच्या तक्त्यावर, आधीच लिहायचं. घाईच्या वाक्यात बाकीचे आवाज गाळले तरी खपतात. प, ब, म ला ओठ मिटले नाहीत तर पोरंसुद्धा पकडतात. एवढं करूनही तोंड मागे वाटलं तर चित्र आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी येऊ द्या.

रेकॉर्डिंग पावसाळ्यात नकोच. कौलांवरचा पाऊस शब्दांमधून सहज वेगळा काढता येत नाही. फ्रिज बंद करा, गोधड्या टांगा. आम्ही हे सगळं केलं, तरी आजोबा श्वास घ्यायला थांबले तिथेच पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला. तो काढला नाही. तिथे आठ फ्रेममध्ये आजोबांची मान दाराकडे वळवली.