कमी चाललेल्या स्पोर्ट्स कारच्या टायरचं वय तपासा
जुनी फेरारी किंवा पोर्शे बघायला गेलं की हमखास ऐकू येतं, 'गाडी फारशी चाललीच नाहीये.' टायरची नक्षीही नव्यासारखी दिसते. पण रबर गाडी उभी असतानाही कडक होत जातं, आणि ओल्या रस्त्यावर एवढ्या ताकदीच्या गाडीचं मागचं चाक कधी घसरेल याचा नेम नसतो.

१. टायरच्या बाजूवर 'डीओटी' (DOT) या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा. शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा!

२. बाहेरून तारीख दिसली नाही तर ती आतल्या बाजूला असते. गाडीखाली शिरायची गरज नाही. फ्लॅश लावून मोबाईल चाकामागे धरा आणि सावकाश व्हिडिओ काढा. शॉकअब्सॉर्बरमधून तेल गळत असेल तर तेही त्यात दिसून जातं. मला तरी हा सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

३. चारही टायर बघा.

टायर सहा वर्षांपेक्षा जुने निघाले तर चारही नव्या टायरचा खर्च धरूनच भाव करा, आणि टेस्ट ड्राइव्हला गाडी अजिबात जोरात पळवू नका.